लांबच्या विमानात जीव घाबरा होतो तेव्हा

विमानात घाबरणाऱ्या सगळ्यांना आपण एकाच रांगेत बसवतो. खरं तर त्यांच्या दोन तऱ्हा आहेत. एकाला विमान पडेल अशी भीती असते. दुसऱ्याला विमान सुखरूप उतरणार याची खात्री असते. त्याला धास्ती असते ती मधल्या तासांची. दार बंद झालं, आता उतरता येणार नाही, आणि अशात मला काही झालं तर? श्वास अडकला, ओरडावंसं वाटलं, शेदोनशे माणसांसमोर भान सुटलं तर? मुंबई-दिल्लीचे दोन तास दोघेही जीव मुठीत धरून काढतात. मुंबईहून न्यूयॉर्कला थेट जायचं तर पंधरा-सोळा तास लागतात आणि सिंगापूर-न्यूयॉर्क हे उड्डाण अठरा तासांच्याही पुढे जातं. इतका वेळ जीव मुठीत धरता येत नाही. लांबच्या प्रवासाचा खरा प्रश्न या दुसऱ्या भीतीचा आहे, आणि आपण बोलतो ते मात्र बहुधा पहिलीबद्दल.

पहिल्या भीतीला अलीकडे सबळ कारण मिळालं, हेही मान्य करायला हवं. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग ७८७ उडाल्यावर काही क्षणांतच कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला, आणि जमिनीवरचे धरून २६० जीव गेले. कर्मचाऱ्यांत मुंबई परिसरातली मुलंमुली होती, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी घरांना ती बातमी दूरची वाटलीच नाही. त्यानंतर तिकीट काढताना ज्याचा हात अडला त्याला कुणी भित्रा म्हणू नये. मात्र त्याच्यासमोर काही आकडे ठेवता येतात. अमेरिकेतल्या एमआयटीचे अर्नोल्ड बार्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्याने मांडलेल्या हिशेबानुसार २०१८ ते २०२२ या काळात जगभरात विमानात चढणाऱ्या सुमारे १ कोटी ३७ लाख प्रवाशांमागे एक मृत्यू झाला. भारतातल्या रस्त्यांवर एकट्या २०२२ साली १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. ११ सप्टेंबर २००१ च्या विमानहल्ल्यांनंतर विमान सोडून मोटारीने जाणाऱ्या अमेरिकनांची संख्या वाढली. गेर्ड गिगरेंझर या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या अंदाजाप्रमाणे त्यापायी पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर सुमारे दीड हजार जादा मृत्यू झाले. भीतीपोटी माणूस जी वाट सुरक्षित समजून धरतो, ती पुष्कळदा जास्त धोक्याची असते.

दुसऱ्या भीतीपुढे या आकड्यांचा उपयोग नाही, कारण घाबरलेला माणूस ते सगळे आधीच मान्य करून बसलेला असतो. ‘अगं, विमान किती सुरक्षित असतं!’ असं शेजारची बाई समजावते तेव्हा घाबरलेल्या बाईला वाटतं, हिला माझं दुखणं कळलेलंच नाही. दुखणं शरीरातून सुरू होतं. ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ साली पॅनिकची, म्हणजे अचानक उसळणाऱ्या भीतीच्या झटक्याची, जी उकल मांडली, ती मला आजही सगळ्यांत कामाची वाटते. छातीत जरा धडधडतं, डोकं हलकं होतं. त्यात मूळचा धोका काही नसतो. पण मन त्याचा अर्थ लावतं, ‘हार्ट अटॅक येतोय’ किंवा ‘मला वेड लागतंय’. त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, वाढलेली धडधड त्या अर्थाला पुरावा म्हणून पुढे येते. चक्र काही मिनिटांत टोकाला पोचतं. त्यात माणूस भराभर श्वास घेऊ लागला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो. त्यामुळे ओठ आणि बोटं बधिर होतात, मुंग्या येतात, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून भोवळ आल्यासारखं वाटतं. हवा भरपूर मिळत असतानाच गुदमरल्यासारखं होतं ते असं. पॅनिकचा झटका साधारण दहा मिनिटांत टोक गाठतो आणि बहुतेकदा अर्ध्या तासात ओसरू लागतो. पंधरा तासांच्या प्रवासाला घाबरणाऱ्या माणसाला हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. त्याच्या कल्पनेत तो झटका उड्डाणापासून उतरेपर्यंत चालतो; शरीराला तेवढं करताच येत नाही. दिवसभर हुरहुर राहू शकते, एकापाठोपाठ दोन-तीन लाटाही येऊ शकतात, पण टोकावर तासन् तास थांबण्याची सोय आपल्या मज्जासंस्थेत नाही.

विमानाची केबिन मात्र या चक्राला कच्चा माल पुरवते, आणि घाबरणाऱ्याला ‘हे सगळं तुझ्या मनाचे खेळ’ म्हणणं त्यामुळे अन्यायाचं ठरतं. विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवर उडतं तेव्हा आतल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास आहे, शिमला सात हजारांच्या वर. म्हणजे आपण तासन् तास शिमल्यात बसलेले असतो, आणि तेही न हलता. रक्तातला ऑक्सिजन थोडा उतरतो, हृदय जरा जास्त वेगाने चालतं. निरोगी माणसाला त्याने अपाय होत नाही, पण हृदयाच्या ठोक्यांवर कान लावून बसलेल्याला फरक लगेच जाणवतो. हवेतला ओलावा वीस टक्क्यांच्याही खाली जातो, घसा कोरडा पडतो, गिळताना काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. दाब कमी झाल्याने पोटातला वायू फुगतो आणि छातीकडे चढल्यासारखा वाटतो. त्यात आपल्याकडची परदेशी विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतर सुटतात. प्रवासी आदल्या दिवशीपासून बॅगा भरत, वजन करत, नातेवाइकांचे फोन घेत जागा असतो, विमानतळावर दोन कॉफ्या पितो. पॅनिकचा त्रास असलेल्यांना कॅफीनच्या मोठ्या मात्रेने झटका येऊ शकतो, हे प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. रात्री दोन वाजता धडधडणाऱ्या छातीचं निम्मं कारण कधी कधी त्या कपात असतं.

उपाय म्हणून पहिल्यांदा आठवते ती गोळी. ‘अर्धी घे आणि झोप, थेट तिकडेच उठशील’ हा सल्ला इतक्या घरांत दिला जातो की तो वैद्यकीय सल्ला नाही हेही आपण विसरलोय. अल्प्राझोलाम, डायझेपाम या गोळ्या भीती खाली आणतात, यात शंका नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे. फ्रँक विल्हेल्म आणि वॉल्टन रॉथ यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत मला निर्णायक वाटतो. विमानाची भीती असलेल्या २८ स्त्रियांना आठवड्याच्या अंतराने दोन विमानप्रवास घडवले. पहिल्या वेळी निम्म्यांना अल्प्राझोलाम दिलं, निम्म्यांना औषध नसलेली तशीच गोळी. औषधवाल्यांना त्या दिवशी भीती कमी वाटली, जरी त्यांचं हृदय आणि श्वास जास्तच वेगाने चालत होते. दुसऱ्या वेळी कुणालाच काही दिलं नाही. पहिल्या प्रवासात औषध घेतलेल्यांपैकी ७ टक्क्यांना पॅनिक आलं होतं. दुसऱ्या प्रवासात ते ७१ टक्क्यांना आलं. औषध नसलेली गोळी घेतलेल्या स्त्रियांची भीती दुसऱ्या खेपेला त्यांच्याहून कमी होती. नमुना छोटा आहे, पण त्यामागचा तर्क पटतो. गोळीच्या अमलाखाली मेंदूला जो धडा मिळायला हवा होता, की झटका येतो आणि आपोआप जातो, तो मिळालाच नाही. श्रेय गोळीला गेलं.

लांबच्या प्रवासात आणखी धोके जोडले जातात. गुंगीत माणूस आठ-आठ तास पाय हलवत नाही, आणि पायात रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. गोळीवर दारू घेतली तर श्वास मंदावतो. म्हातारपणी या गोळ्यांनी भ्रम होतो, तोल जातो. सत्तरीतल्या आजींना अंधाऱ्या केबिनमध्ये टॉयलेटला जाताना पडायला तेवढं पुरतं. शिवाय संयुक्त अरब अमिरातींसारख्या देशांत मनावर परिणाम करणाऱ्या औषधांसाठी आधी परवानगी लागते, आणि आपले कितीतरी प्रवासी दुबई-अबुधाबीवरून जातात. तिथे प्रिस्क्रिप्शनशिवाय पर्समध्ये गोळ्यांच्या सुट्या स्ट्रिप बाळगणं धोक्याचं आहे. ब्रिटनमधल्या अनेक सरकारी दवाखान्यांनी विमानासाठी डायझेपाम लिहून देणं थांबवलं, ते अशाच कारणांनी. याचा अर्थ औषध वर्ज्य असा कुणी घेऊ नये. ज्याला पॅनिकचा विकारच आहे, ज्याला घरी, लोकलमध्ये, बाजारातही झटके येतात, त्याला मानसोपचारतज्ज्ञ रोज घ्यायची औषधं देतात आणि ती नीट लागू पडतात. त्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. माझा आक्षेप आहे तो प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी केमिस्टकडे धावण्याला.

गोळीच्या दुसऱ्या टोकाला सामोरं जाण्याचा मार्ग आहे. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ साली पायरी-पायरीने भीतीजवळ नेण्याची पद्धत मांडली, आणि विमानाच्या भीतीला ती फार लवकर लागू झाली. युरोप-अमेरिकेत विमान कंपन्यांनीच वर्ग सुरू केले: सकाळी वैमानिक विमानाचे आवाज आणि हेलकावे समजावतो, दुपारी मानसशास्त्रज्ञ भीतीबद्दल बोलतो, संध्याकाळी सगळे मिळून तासाभराचं उड्डाण करतात. नेदरलँड्समध्ये लायडन विद्यापीठ, केएलएम आणि स्खिफोल विमानतळ यांनी मिळून १९८९ मध्ये केवळ या भीतीसाठी एक संस्था काढली आणि तिथे उपचार आणि संशोधन दोन्ही चाललं. १९९०च्या दशकात आभासी विमान आलं. अटलांटातल्या बार्बरा रॉथबॉम यांच्या गटाने २००० साली दाखवलं, की डोक्याला चष्मा लावून आभासी केबिनमध्ये बसवणं आणि प्रत्यक्ष विमानतळावर नेऊन उभ्या विमानात बसवणं, दोन्हींचा गुण सारखाच येतो. सहा महिन्यांनंतरही दोन्ही गटांतली ९३ टक्के माणसं उपचारानंतर विमानाने जाऊन आलेली होती. आपल्या विमान कंपन्यांनी असे वर्ग नेमाने चालवायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. दरवर्षी पहिल्यांदाच विमानात चढणाऱ्यांची एवढी संख्या असलेल्या देशात त्यांची गरज युरोपपेक्षा कमी नाही.

या वर्गांची एक मर्यादा आहे. तासाभराच्या उड्डाणाने विमानाची ओळख होते, पंधरा तास अडकून राहण्याची होत नाही. त्यासाठी जे काम करावं लागतं ते जमिनीवरच आणि स्वतःच्या शरीरावर. अमेरिकेतल्या डेव्हिड बार्लो आणि मिशेल क्रॅस्की यांनी पॅनिकसाठी जी उपचारपद्धती घडवली, तिच्यात रुग्णाला मुद्दाम धडधड आणायला लावतात. जिने भराभर चढायचे, खुर्चीवर गोल फिरायचं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा. छाती धडधडते, चक्कर येते, गुदमरतं, आणि काही होत नाही. दहा वेळा, वीस वेळा हे केलं की शरीराच्या त्या खुणांची दहशत उतरते. हृदयाचा, दम्याचा किंवा फिटचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच हे करावं. बाकीच्यांना प्रवासाच्या दोन महिने आधी सुरुवात करता येते. त्याच्याच जोडीला बंद जागेचा सराव करावा. लिफ्ट, भरलेली लोकल, चित्रपटगृहातली रांगेच्या मधली खुर्ची, एसी स्लीपर बसचा वरचा बर्थ. पुणे-नागपूरची रात्रीची बस या कामाला फार चांगली आहे.

मराठी वाचकाला यातली विचारांची बाजू परकी वाटू नये. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे ती अनेक घरांत पोचली. एलिस यांनी अस्वस्थतेच्याच भीतीकडे बोट दाखवलं होतं. माणूस मरणाला घाबरत नसला तरी आपल्याला अस्वस्थ वाटेल, ते सहन होणार नाही, या कल्पनेला घाबरतो. ‘मला अस्वस्थ वाटताच कामा नये’ हा हट्ट सुटून ‘वाटेल, नकोसं वाटेल, पण सोसेल’ इथपर्यंत येणं हे त्यांच्या पद्धतीतलं मुख्य काम. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर क्लेअर वीक्स १९६२ सालापासून आपल्या पुस्तकांतून वेगळ्या वाटेने हेच सांगत होत्या: झटक्याशी झुंजू नका, त्याला येऊ द्या, त्याच्यासोबत तरंगा, वेळ जाऊ द्या. माझ्या मते या सगळ्या आढाव्याचं सार तिथे आहे. लांबच्या विमानात पॅनिक येऊच नये अशी तजवीज करणारा माणूस सोळा तास पहाऱ्यावर बसतो, आणि तो पहाराच त्याला थकवतो. आलं तर येऊ दे म्हणणाऱ्याला पहारा द्यावा लागत नाही. हे म्हणणं सोपं आणि करणं अवघड आहे, म्हणून तर जमिनीवरचा सराव.

खुर्चीत बसल्यावरचं थोडं. झटका सुरू झाला की घड्याळ बघावं आणि वीस मिनिटं मोजायला घ्यावीत. श्वास खोल ओढायची घाई करू नये. नाकाने साधा श्वास घ्यावा आणि सोडताना दुप्पट वेळ लावावा. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय विमानात मुळीच करू नये, तिथे ऑक्सिजन आधीच थोडा कमी असतो. गार पाण्याने तोंड धुणं, मागच्या बाजूला जाऊन पाच मिनिटं उभं राहणं, पायांच्या बोटांकडे लक्ष नेणं, याने फरक पडतो. पण यांतलं काहीही तावीज होऊ देऊ नये. पॉल साल्कोव्स्किस यांनी १९९१ मध्ये दाखवलेली अडचण हीच आहे: ‘बाटली हातात होती म्हणून वाचले’, ‘यांचा दंड धरला होता म्हणून निभावलं’ असं वाटलं की भीती आहे तिथेच राहते. गाणी ऐकायला हेडफोन लावणं वेगळं आणि स्वतःच्या धडधडीपासून लपायला लावणं वेगळं. मधल्या वाटेकडची, म्हणजे आइल सीट आधी पैसे भरून घ्यावी. उठता येतं एवढं कळलं तरी पुष्कळांना उठावं लागत नाही. चढतानाच केबिन क्रूला ‘मला पॅनिकचा त्रास आहे’ एवढं सांगून ठेवावं. लोकांना कळेल ही भीती त्या एका वाक्याने जाते, आणि निम्मं ओझं तिचंच असतं.

हेलकाव्यांबद्दल खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. रेडिंग विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासानुसार उत्तर अटलांटिकवर निरभ्र आकाशातले तीव्र हेलकावे १९७९ ते २०२० दरम्यान ५५ टक्क्यांनी वाढले. मे २०२४ मध्ये लंडन-सिंगापूर विमान म्यानमारवर असताना असे हेलकावे बसले आणि एक प्रवासी दगावला. पण त्यात जखमी होतात ती मुख्यतः पट्टा न बांधलेली माणसं आणि उभे असलेले कर्मचारी. विमानाचे पंख प्रत्यक्ष उड्डाणात अपेक्षित असलेल्या कमाल भाराच्या दीडपट भार सोसतात की नाही, हे तपासलेलं असतं. २०१० साली बोइंग ७८७च्या पंखांची चाचणी झाली तेव्हा ते सुमारे २५ फूट वर वाकले आणि टिकले. बसलेलं असताना पट्टा बांधून ठेवणं, हा हेलकाव्यांवरचा जवळजवळ संपूर्ण उपाय आहे.

प्रत्येक धडधड पॅनिक नसते, हेही लक्षात ठेवायला हवं. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच छातीत दाबल्यासारखं होत असेल, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, एका पोटरीला सूज येऊन धाप लागत असेल, तर मनाला समजावत बसू नये, लगेच क्रूला बोलवावं. मधुमेह्यांची साखर उतरली तरी असाच घाम आणि थरथर सुटते. वेळेची गणितं बदलल्याने गोळी आणि जेवण यांचा मेळ लांबच्या प्रवासात हमखास चुकतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत साधारण ६०४ उड्डाणांमागे एक वैद्यकीय अडचण आढळली होती, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या वेळी प्रवाशांमधूनच कुणी डॉक्टर मदतीला उठला होता. जमिनीवरच्या डॉक्टरांशीही विमानातून बोलता येतं.

शेवटी ज्यांच्याबद्दल सगळ्यांत कमी लिहिलं जातं त्यांच्याविषयी. नातवंडाच्या जन्मासाठी पुण्या-नाशिकहून अमेरिकेला निघालेले आईवडील आयुष्यातला पहिला किंवा दुसरा विमानप्रवास पंधरा तासांचा करतात, पुष्कळदा एकटे. आईला पॅनिक हा शब्द लागत नाही; ती म्हणते, ‘कसंतरी होतंय’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘बीपी वाढलंय वाटतं’. मुलगा फोनवर सांगतो, ‘काही होत नाही गं आई, झोपून जा.’ त्याऐवजी तिला आधी विचारावं, नक्की कशाची काळजी वाटते. टॉयलेटचं दार उघडेल का, इंग्रजीत पाणी कसं मागू, शेजारच्या माणसाला उठवू कसं, अशी उत्तरं येतात. यांतल्या प्रत्येकाची तालीम घरात होते. व्हीलचेअरची मदत आधी मागून ठेवावी. ‘घाबरल्यासारखं होतं आहे, दहा मिनिटं कुणी सोबत बसेल का’ हे वाक्य इंग्रजीत लिहून पर्समध्ये द्यावं. जमलं तर आधी मुंबई-दिल्ली किंवा पुणे-बेंगळुरू असा एक छोटा विमानप्रवास सोबत करावा.

जाताना खूप त्रास झाला असेल तर पुढचे सहा महिने ती परतीच्याच धसक्यात घालवते, आणि नातवाच्या कौतुकात ते कुणाच्या ध्यानात येत नाही. तो वेळ उपचाराला पुरेसा असतो. ठाण्याच्या आयपीएचसारख्या मानसिक आरोग्याच्या संस्थांमुळे मराठीत बोलणारे समुपदेशक शोधणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही, आणि अनेक समुपदेशक व्हिडिओवरही भेटतात. देशात असताना टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर, १४४१६ या क्रमांकावर, मोफत बोलता येतं, मराठीतही. परतीचं तिकीट काढायच्या आधी आईला विचारून घ्यावं, की मध्ये एक थांबा हवा की एकदाच थेट. थांब्यामुळे एकेक टप्पा लहान होतो, पण दार बंद होण्याचा क्षण दोनदा येतो, आणि तिच्यासाठी त्यातलं जड काय हे तीच सांगू शकते.